पॅसेजमधलं एक्स्चेंज

आमच्या घरात चहा झाला की स्वयंपाकघरातून हाक येत नाही, फोन थरथरतो. सूनबाई आत, मी बाहेरच्या खोलीत, मधे दारसुद्धा नाही, नुसती चौकट. तरी चहा झाल्याचं मला फोनच सांगतो. त्यावर आमचे चिरंजीव त्यांच्या खोलीतून एक अंगठा पाठवतात. अंगठा म्हणजे 'येतो', 'आणून दे' की 'मला नको', हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. पूर्वी ज्याला लिहिता यायचं नाही तो अंगठा उठवायचा. आता घरात सगळे शिकलेले, तर उठता-बसता अंगठे.

मला हे बघवत नाही आणि मी ते बोलून दाखवते. त्यामुळे घरात माझं नाव 'आमच्या वेळी' असं पडलंय. मी तोंड उघडायच्या आत आमची नात, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, माझ्याच आवाजात सुरू करते, "आमच्या वेळी." मग सगळे हसतात. मीही हसते, पण मुद्दा सोडत नाही.

आमची वेळ म्हणजे कुठली, तेही सांगते. मी टेलिफोन ऑपरेटर होते. आम्ही बायका एका रांगेत उंच खुर्च्यांवर बसायचो, समोर कपाटाएवढाले लाकडी बोर्ड. गावात कुणाला कुणाशी बोलायचं असलं तर आधी आमच्याशी बोलावं लागे. त्याने आपल्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबराची पितळी झडप टपकन पडायची. तिथे कॉर्ड खुपसायची, "नंबर?" विचारायचं, जोडीची दुसरी कॉर्ड समोरच्याच्या भोकात घालायची, घंटी द्यायची, आणि पलीकडून 'हॅलो' आलं की म्हणायचं, "बोला, जोडलंय." मग आपला कान काढून घ्यायचा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या मोठ्या बाई खुर्च्यांच्या मागून येरझाऱ्या घालायच्या आणि जिच्या चेहऱ्यावर हसू दिसेल तिला तिथल्या तिथे झापायच्या. बोर्डापुढे बसलेल्या बाईला हसू येण्याचं दुसरं कारणच नसतं.

मला ते दिवस नुसते आठवत नाहीत. मला तिकडे परत जायचं असतं, खरंच, पिशवी भरून निघावं तसं. तेव्हा कुणाकडे पाळणा हलला, कुणाचं दुखणं वाढलं, कुणाचं जुळलं, सगळं आमच्या हातातून जायचं. ऐकत नव्हतो आम्ही, पण हाताला कळायचं. आता मी दिवसभर सोफ्यावर असते, आणि माझ्या डोक्यावरून घरातलीच माणसं घरातल्याच माणसांशी बोलत असतात. मला त्याचा गंधही नसतो.

आमचे हे त्याच एक्स्चेंजचे लाइनमन. पँटच्या मागच्या खिशात कायम पक्कड, म्हणून सगळे त्यांना पक्कडच म्हणायचे. ते खांबावर चढून तिथून बोर्डाला फोन लावायचे आणि म्हणायचे, "टेस्टिंग." लाइन चालू आहे एवढं कळलं की काम संपतं. पण माझी पाळी असली की हे त्याच धडधाकट लाइनचं टेस्टिंग सकाळपासून करत बसायचे. शेवटी मोठ्या बाईंनीच मला विचारलं की त्या खांबात काही बिघाड आहे का त्या माणसात. आमचं लग्न असं जमलं.

तर गोष्ट अशी की सूनबाईला तिच्या ऑफिसने दुसऱ्या शहरातल्या नव्या शाखेची प्रमुख हो म्हणून विचारलं. सोमवारी सकाळी काय ते सांगायचं होतं. हे मला सूनबाईने सांगितलं नाही, चिरंजीवांनीही नाही. भिंगरीने सांगितलं. तिकडच्या शाळेत पोहायचा तलाव आहे, या बातमीला जोडून मला उरलेलं कळलं. त्या दोघांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. आठवडाभर घर नुसतं तुंबल्यासारखं झालं होतं. जेवताना दोघं ताटात बघायची. पुढचा तपशीलही भिंगरीनेच पुरवला: "बाबाने आईला फोनवर लिहिलं, 'तू ठरव', आणि अंगठा पाठवला. मग आई बाथरूममध्ये गेली आणि तिने नळ सोडून ठेवला. पण अंघोळ नाही केली."

मला त्यांनी जायला नको होतं. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू. भिंगरी शाळेतून आल्यावर दप्तर फेकते तो आवाज नसला तर माझी संध्याकाळ कशी होणार, हे मला माहीत होतं. आणि याला जबाबदार ते फोनच, हेही माझ्या डोक्यात पक्कं होतं. माणसं समोरासमोर बोलत नाहीत, म्हणून ती एकमेकांपासून सुटतात, आणि सुटली की दुसऱ्या शहरात जातात. एकदा यांना आमच्या वेळचं बोलणं कसं असतं ते दाखवलं, की आपोआप ताळ्यावर येतील. असा माझा सरळ हिशेब.

दाखवायची सोयही घरात होती. जुनं एक्स्चेंज मोडीत निघालं तेव्हा ह्यांनी भंगारवाल्याच्या मागे लागून एक लहानसा बोर्ड आणि काळे, हँडलवाले फोन घरी आणले होते. बाल्कनीत चादरीखाली ते धूड कित्येक दिवस पडून होतं. येता-जाता पायाला लागायचं. हे रोज दुपारी त्यात डोकं घालून बसायचे. बोर्ड चालू होईल यावर ह्यांच्याशिवाय कुणाचा विश्वास नव्हता, आणि खरं तर माझाही नव्हता. पण मी विषय काढल्याबरोबर हे म्हणाले, "चालू आहे. कधीचाच. तू विचारलं नाहीस."

शनिवारी दिवसभर ह्यांनी घरभर वायर ओढली. दारांच्या चौकटींवरून, कपाटांच्या मागून, एका ठिकाणी तर खिडकीबाहेरून जाऊन परत आत. सूनबाई ऑफिसातून आली, तिने वर बघितलं, आणि एवढंच विचारलं की हे रात्री कुणाच्या अंगावर पडणार नाही ना. मी सांगितलं की उद्याचा रविवार आपण सगळ्यांनी आमच्या वेळी काढायचा. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी होकार समजले.

रविवारी सकाळी मी पिठाचा रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना मोबाइल आत टाकायला सांगितलं. चिरंजीवांकडून दोन निघाले. ह्यांनी आपला टाकला, मग तो बंद केलाय का ते बघायला परत काढला, मग परत टाकला. सूनबाई तिचा हातातच धरून उभी. ऑफिसचा फोन आला तर, म्हणाली. मी म्हटलं, रविवारी? ती म्हणाली, रविवारीच येतो. पण टाकला तिने. डब्याचं झाकण लावल्यावर ती रिकाम्या हातांकडे बघत राहिली, आणि मग दोन्ही हातांनी केस नीट बांधले. मला बरं वाटलं.

नियम साधा होता. एकमेकांच्या खोलीत जायचं नाही, ओरडायचं नाही, काय हवं ते फोनवर मागायचं. एक फोन स्वयंपाकघरात, एक चिरंजीवांच्या टेबलावर, एक बेडरूममध्ये, एक बाल्कनीत ह्यांच्याकडे, आणि एक भिंगरीच्या हट्टावरून जेवणाच्या टेबलाखाली. मी पॅसेजमध्ये, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उशी घालून, कानाला ऐकण्या-बोलण्याचा पट्टा लावून बोर्डापुढे.

पहिली झडप पडली आणि माझ्या अंगावर काटा आला. टेबलाखालून फोन होता. मी विचारलं, "नंबर?"

"आजी, मी आहे."

"नंबर?"

भिंगरीने बाबाचा नंबर सांगितला. मी जोडून दिला. तिने त्याला विचारलं की तू काय करतोयस, आणि तो म्हणाला तुझ्याशी बोलतोय. झालं. पण तिला इतका आनंद झाला की तिने मग आईला फोन करून सांगितलं की बाबा माझ्याशी बोलत होता, आणि आजोबांना फोन करून सांगितलं की आईला सांगितलंय. हे सगळं माझ्या कानावर आलं, कारण कान काढायच्या आत ती बोलून मोकळी व्हायची.

मग घराने जो काय गोंधळ घातला त्याला तोड नाही. बोलणं संपलं की हँडल परत एकदा फिरवायचं असतं, म्हणजे बोर्डावर झडप पडून ऑपरेटरला कळतं की आता कॉर्ड काढ. हे एकालाही लक्षात राहीना. फोन खाली ठेवून माणूस केव्हाच अंघोळीला गेलेला, आणि माझ्या कॉर्डी तिथेच अडकलेल्या. ह्यांनी बाल्कनीतून अंडं उकडायला सांगितलं. किती वेळ उकडायचं ते विचारायला सूनबाईने हँडल फिरवलं, तर ह्यांचा नंबर भिंगरीने धरून ठेवलेला. ती आजोबांना शाळेत शिकवलेली कविता ऐकवत होती, आणि तिला बारा कडवी होती की काय कोण जाणे. ते अंडं शेवटी चेंडू म्हणून खेळता आलं असतं. चिरंजीव हँडल असं फिरवायचे की बोर्डावरची झडप पडायची नाही, उडायची. त्यांना घंटी हळू द्यायला शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले. आणि अधूनमधून, काहीही कारण नसताना, बाल्कनीतून झडप पडायची.

"नंबर?"

"टेस्टिंग," हे म्हणायचे.

दुपारपर्यंत मी पंचवीस वर्षांची झाले होते, गुडघे सोडून. हात कसे आपणहून चालत होते. सूनबाईचा आवाजही मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला असं वाटलं. समोर असली की ती काहीतरी करत करत बोलते. फोनवर दुसरं करायलाच काही नव्हतं. एकदा चिरंजीवांनी स्वयंपाकघर मागितलं आणि तिने विचारलं, कोण बोलतंय. तो म्हणाला, मी. तिने विचारलं, मी कोण. मी कान काढताना तिचं हसू ऐकलं, आणि मनाशी म्हटलं, लागला बरं का डाव. आता कुठे जातायत ही.

जेवणं झाली. भांडी झाली. भिंगरी टेबलाखाली पालथी पडून तिथल्या काळ्या फोनवर चित्रं चिकटवत होती. घर शांत होतं, पण आठवडाभरासारखं नव्हे, जेवल्यावर असतं तसं. तेवढ्यात चिरंजीवांच्या नंबराची झडप पडली. या वेळी हळू.

"नंबर?"

मी परत विचारलं. तेव्हा म्हणाला, "आई, बेडरूम दे." लहानपणी ताप आल्यावर हाक मारायचा तसा आवाज.

मी घंटी दिली. सूनबाईने उचललं. मी म्हटलं, "बोला, जोडलंय," आणि बोर्डावरची की, म्हणजे ऐकायची कळ, वर करून कान काढला.

आता माझी अवस्था काय सांगू. समोर त्या दोन कॉर्डी, त्यांच्यातून माझ्या घराचा निकाल चाललेला, आणि मधे बोटभर उंचीची एक की. ती जराशी खाली केली की सगळं ऐकू आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. मी उजवा हात मांडीखाली घेऊन बसले.

हे बाल्कनीतून चवड्यांवर चालत आले आणि खुणेनेच विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं की ऑपरेटरला असं विचारू नये.

"अगं पण मुलगा आपला आहे," हे कुजबुजले.

"लाइन आपली नाही."

"लाइन मीच ओढलीय ना."

ह्यांनी एवढा युक्तिवाद करूनही मी की खाली केली नाही, हे मी आयुष्यभर सांगत राहीन. पण आमच्या घराच्या भिंती काही एक्स्चेंजच्या नव्हेत. दोन्ही बंद दारांमागून पुटपुट ऐकू यायला लागली. शब्द कळत नव्हते, पण अजून जरा थांबले असते तर कळले असते. म्हणून मी भिंगरीला मोठ्याने पाढे म्हणायला लावले. तिने सातापासून सुरुवात केली. हे बिचारे भिंतीजवळ सरकत होते, त्यांना मी डोळ्यांनीच परत जागेवर आणलं.

आणि मग ते झालं. नेहमीचे फोन कितीही वेळ चालायचे, पण परगावचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. त्यात ऑपरेटरने मधे येऊन सांगायचं, आणि समोरून उत्तर आलं नाही तर कॉर्ड काढायची, कारण मागे रांग असते. असा फोन हाताला ओळखू यायचा. त्यात माणसं भरभर बोलत नाहीत, मधे खूप थांबतात, आणि दोन्ही बाजूंना श्वास जड असतो. पाढ्यांच्या मधून येणारी दारांमागची पुटपुटही तशीच थांबत थांबत चालली होती. माझी नजर आपोआप भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली होती. ती केव्हा गेली ते मला माहीत नाही. मांडीखालचा हात केव्हा बाहेर आला तेही नाही. हाताने की खाली केली आणि माझ्या तोंडून तो जुना, इस्त्री केलेला आवाज निघाला.

"तीन मिनिटं झाली. वाढवायचीत का?"

सूनबाई रडत रडत बोलत होती. "आणि खरं सांगू, मला," एवढंच माझ्या कानावर पडलं. पुढे दोन्हीकडे चिडीचूप. उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे काय करायचं, हे हाताला तोंडपाठ होतं. मी कॉर्ड उपसली.

डोकं त्यानंतर आलं.

दोन्ही दारं एकदम उघडली. चिरंजीवांच्या हातात फोन तसाच, आणि मागे ताणलेली वायर. सूनबाईचे डोळे लाल. भिंगरी सातसत्ते एकोणपन्नासवर थांबली. "आई, काय केलंस हे?" चिरंजीव म्हणाले. मला तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून मी कॉर्डीकडे बघत राहिले, जणू तिनेच केलं.

सूनबाई माझ्याकडे बघत होती. मग ती भिंतीला टेकली, हळूहळू खाली घसरत फरशीवर बसली, आणि हसायलाच लागली. "वाढवायचीत का, म्हणतात," ती कशीबशी म्हणाली आणि परत हसली. रडणं अजून संपलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही एकदमच चाललं होतं. ते बघून चिरंजीवांना फुटलं. मग ह्यांना. भिंगरीला कारण माहीत नव्हतं तरी ती सगळ्यांत मोठ्याने हसत होती. मी तेवढी गंभीर होते, कारण माझी चूक झाली होती आणि ती कामातली होती.

हसणं ओसरल्यावर चिरंजीव पॅसेजच्या त्या टोकाला फरशीवरच बसले. "तू काय म्हणत होतीस?" त्यांनी तिला विचारलं. "खरं सांगू, मला काय?"

सूनबाईने डोळे पुसले. आता मधे ना बोर्ड होता ना दार. "मला जायचंय," ती म्हणाली. "मला ते काम हवंय. आणि तू नुसतं 'तू ठरव', 'तू ठरव' करत राहिलास."

"म्हणजे मी तयार आहे असंच ना? अंगठाही पाठवला."

"त्या अंगठ्याचा अर्थ मी काय लावायचा? मला वाटलं, तुला नकोय आणि मला वाईट ठरवायला बसलायस."

"मला हवंय गं. मी तिथूनही काम करू शकतो." मग त्यांचा आवाज उतरला. "आईला कोण सांगणार, एवढंच मला कळत नव्हतं."

आणि दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. कानाला पट्टा लावलेली, हातात कॉर्ड धरलेली मी स्टुलावर.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आठवडाभर घर तुंबलं होतं ते फोनमुळे नव्हतं. माझ्यामुळे होतं. एकमेकांशी ही दोघं बोलली असती, हसतखेळत बोलली असती. पण बोलून ठरलं तर ते मला सांगायला लागणार, म्हणून कुणी ठरवतच नव्हतं. आणि मी त्यांना आमच्या वेळचे धडे द्यायला निघाले होते. बोलले तर आवाज फुटेल हे मला कळलं, म्हणून मी चेहरा सरळ केला आणि म्हणाले की ऑपरेटर लाइनवर नाही. मग बोर्डाकडे वळून कॉर्डी एकेक करून नीट लावायला लागले. त्या आधीच नीट होत्या.

मग दारं लागल्याचे आवाज आले. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उचलला, आणि चहा टाकतो म्हणाले. ह्यांना काही सुचेनासं झालं की हे चहा टाकतात.

मी तशीच बसून होते. आणि बेडरूमची झडप पडली. घाईची नव्हे, नीट, शिकवल्यासारखी. मी कॉर्ड लावली.

"नंबर?"

"नंबर नको, आई," सूनबाई म्हणाली. "तुमच्याशीच बोलायचंय."

मला काही कळेचना. इतकी वर्षं मी बोर्डापुढे बसले, हजारो माणसांचे आवाज कानातून गेले, पण ऑपरेटरशी बोलायचंय म्हणून कुणी हँडल फिरवलं नव्हतं. माझ्याशी कुणी बोलायचं नाही, माझ्यातून बोलायचे. ह्यांनासुद्धा आधी टेस्टिंग म्हणावं लागे. मला दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून मी म्हणाले, "बोला, जोडलंय."

"तोंडावर सांगायला जमलं नाही," ती म्हणाली. "आत्ताही तुमच्यासमोर उभी राहिले असते तर जमलं नसतं. म्हणून फोन केला. तुम्ही रागवाल आता, पलीकडच्या खोलीतून काय फोन करतेस म्हणून."

मी म्हटलं की नाही रागावत. खरं तर मीही तिच्यासमोर असते तर एव्हाना डोळ्यांना पदर लावून बसले असते. वायरच्या मागे मला माझा आवाज सापडत होता. म्हणजे आम्हीही तेच करत होतो की, तेव्हा. समोर जे बोलवत नाही ते तारेवरून.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "तुम्ही 'आमच्या वेळी' म्हणता ना, तेव्हा मी दाखवत नाही, पण मला फार हेवा वाटतो. आज सकाळी फोन डब्यात टाकल्यावर मला वाटलं, तो डबा परत उघडूच नये. तुमच्याच वेळी जन्माला आले असते तर किती बरं झालं असतं. आणि मग लगेच वाटतं, तुमच्या वेळी मला कुणी प्रमुख केलं नसतं."

आणि मला तर केलं होतं.

ते मी 'आमच्या वेळी'मध्ये कधी सांगत नाही. मोठ्या बाई निवृत्त व्हायच्या सुमाराला त्यांनी मला खुर्चीच्या मागे बोलावलं आणि सांगितलं की मोठ्या शहराच्या एक्स्चेंजला माझं नाव दिलंय, तिथे त्यांच्यासारखी मोठी बाई म्हणून. मी घरी आले. चिरंजीव तेव्हा रांगत होते, सासूबाईंची तब्येत तोळामासा, हे दिवसभर खांबांवर. मी जेवण वाढलं, भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नाही म्हणून सांगून आले. घरात कुणाला विचारलंच नाही. कुणी नाही म्हटलं असतं असंही नव्हे. मीच ठरवून टाकलं की नाहीच म्हणणार, मग विचारून कशाला.

आणि हे मी त्या क्षणी सूनबाईला सांगितलं. जगात पहिल्यांदा कुणाला तरी. सांगताना आवाज कापला नाही, त्याचं मला आश्चर्य वाटलं. उलट हलकं वाटलं, कडक चोळी सैल केल्यावर वाटतं तसं.

तिने हळूच विचारलं, "तुम्हाला जायचं होतं?"

"फार," मी म्हणाले. "ती खुर्च्यांमागची येरझारी मी आरशासमोर करून बघितली होती."

ती हसली, मीही हसले, आणि मग जे म्हणायचं होतं ते म्हणून टाकलं. "हे बघ, मला हे आवडणार नाही. पहिले काही महिने मी चिडचिड करीन, भिंगरीच्या नावाने मुसमुसेन, तुम्हाला नको तेव्हा फोन करीन. ते सगळं ऐकून घ्यायचं. पण तू जा. आणि मला काय वाटेल म्हणून मागे बघत जाऊ नकोस, आनंदाने जा. येरझाऱ्या घाल तिकडे."

मागे काहीतरी किणकिणलं. हे चहाचा कप घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते देव जाणे. लाइनवरचं बोलणं ऐकायचं नसतं हे ह्यांनाही माहीत होतं, पण मी काही कुजबुजत नव्हते. ह्यांनी कप बोर्डाच्या कडेवर ठेवला. मग ओणवे होऊन, माझ्या रिकाम्या कानाशी म्हणाले, "मला विचारलं असतंस, तर तिथलेही खांब चढलो असतो मी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. नव्या नवऱ्यासारखा हा माणूस या वयात लाजला होता. आणि मला वाटलं, परत जाऊन काय करायचं, सगळं इथेच तर येऊन उभं राहिलंय. मी ह्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

तिकडून सूनबाई विचारत होती, "आई, आहात ना लाइनवर?"

"आहे," मी म्हणाले. "बोल."